कयाकला एकही भोक न पाडता गरीचं सामान कसं बसवावं: ठाणे-नवी मुंबईच्या खाडीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

कयाक घरी आली की आठवड्याभरात हात ड्रिलकडे वळतो. रॉड होल्डर हवा, मोबाइलचा स्टँड हवा, फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचा मासा पडद्यावर दाखवणारं यंत्र, हवा. आणि व्हिडिओतला प्रत्येक जण ड्रिल हातात घेऊनच बोलत असतो. तुम्ही मात्र निदान पहिला मोसम ड्रिल कपाटातच राहू द्या.

कारणं साधी आहेत. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वर बसायच्या, कयाक पॉलिएथिलीनच्या, आतून पोकळ असतात. डेकला भोक पाडलंत तर आतल्या बाजूने नट धरायला हात पोचेलच असं नाही. बसवलेला स्क्रू पुढे ढिला झाला की पाणी थेंबाथेंबाने आत जातं आणि कयाक जड लागायला लागल्यावरच ते कळतं. शिवाय रॉड नेमका कुठे हवा, याबद्दलचं मत दोन-चार वेळा पाण्यात गेल्यावर हमखास बदलतं. पट्टा सोडून दुसरीकडे बांधता येतो, भोक सरकवता येत नाही. भाड्याची किंवा मित्राची कयाक असेल तर प्रश्नच मिटला.

न भोक पाडता बसवलेलं सामान टिकेल का, हे सगळेच विचारतात. टिकतं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: कयाक पालथी झाली तर हे सामान तुम्हाला परत वर चढू देईल का? खाली जे काही सांगितलंय ते या एका कसोटीवर पारखून सांगितलंय.

आधी जमवायचं सामान

- प्लास्टिकचा भाजीचा क्रेट. वाशीच्या एपीएमसीच्या आसपास जुने मिळतात. दूध डेअरीचे क्रेट डेअरीच्या मालकीचे असतात, ते उचलू नका.
- दीड इंची यूपीव्हीसी पाइप, साधारण एक मीटर.
- काळे नायलॉन झिप टाय. पांढरे उन्हात लवकर कडक होऊन तुटतात.
- बकलचे न ताणणारे पट्टे, किमान तीन.
- ५ ते ६ मिमी जाडीची दोरी, थोडी इलॅस्टिक दोरी, दोन छोट्या पुल्या, चार-पाच कॅराबिनर (झटकन अडकवायच्या स्प्रिंगच्या कड्या).
- सायकलची जुनी ट्यूब. पंक्चरवाला फुकटही देईल.
- स्वयंपाकघरातला जाड पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड. हसू नका, पुढे कळेल.
- नट-बोल्ट स्टेनलेसचे, जमल्यास ३१६ ग्रेडचे. खाऱ्या पाण्यात ३०४ वरही तांबूस डाग येतात. साधे झिंक प्लेटिंगचे बोल्ट अजिबात नकोत.
- लाइफ जॅकेट, शिट्टी आणि जॅकेटलाच अडकवलेली बोथट टोकाची सुरी.

कागदांचं म्हणाल तर कयाकचं बिल आणि ओळखपत्राची प्रत वॉटरप्रूफ पाउचमध्ये ठेवा. जेट्टीवर कोणी हटकलं तर बोलणं लवकर आटपतं. कयाक पार्किंगमध्ये ठेवणार असाल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. खाडीतल्या भरतीपेक्षा सेक्रेटरीची लहर सांभाळणं अवघड, हे तुम्हाला कळेलच.

१. कयाकवर आधीपासून काय आहे ते शोधा

कयाक पार्किंगमध्ये आडवी ठेवा आणि हात फिरवत एक फेरी मारा. पुढचं-मागचं हँडल, दोरी ओवायच्या कड्या, सीटची फ्रेम, मागच्या खळग्यावरची इलॅस्टिक, डेकमध्ये आधीच बसवलेले रॉड होल्डर, कडेचे ॲल्युमिनियमचे ट्रॅक आणि पाणी निघून जाण्याची आरपार भोकं, म्हणजे स्कपर. कंपनीने पाडलेली भोकं तुमचीच आहेत, ती मनसोक्त वापरा.

आता प्रत्येक कडी बोटात धरून वर, मागे आणि बाजूला ओढून बघा. काही कड्या बोल्टने बसवलेल्या असतात, काही नुसत्या पॉप रिव्हेटने. रिव्हेटवाल्या कड्या बाजूचा ताण सोसतात, सरळ वर खेचल्या तर सैल होतात. अशा कडीवर क्रेट सांभाळायची इलॅस्टिक चालेल, नांगर नाही. हँडल जर बोल्टने बसवलेलं असेल तर उत्तमच: तोच बोल्ट काढून थोडा लांब बोल्ट घातला की त्याखाली रॉड होल्डरची पट्टी बसते.

दोन पर्याय आधीच बाद करा. एक, चिकटवणं. पॉलिएथिलीनला गोंद, इपॉक्सी, दुहेरी टेप काहीच नीट धरत नाही; घरात दगडासारखं बसलेलं पाण्यात दुसऱ्या फेरीला सुटतं. दोन, व्हॅक्यूम कप. कयाकच्या खरखरीत पृष्ठभागावर ते तासभर धरतात आणि नेमका मासा लागला की सोडतात. फुगवायच्या पीव्हीसी कयाकची गोष्ट वेगळी. तिला पीव्हीसीचा गोंद पक्का धरतो, पण मग ते कायमचंच झालं.

२. कोरड्यावर बसून बघा

सीटवर बसा, जॅकेट घाला, वल्हं हातात घ्या आणि वल्हवल्याची नक्कल करा. वल्ह्याचं पातं आणि तुमच्या मुठी जिथून जातात तो पट्टा खडूने आखून घ्या. त्या पट्ट्यात काहीही बसवायचं नाही.

दुसरी खूण कमरेच्या दोन्ही बाजूंना करा, दोन-अडीच फूट लांबीची. पाण्यात पडलात तर इथूनच पोटावर घसरत वर यायचं आहे. इथे होल्डर, हुक, पक्कड, काहीही नको. बहुतेक जण हाताशी हवं म्हणून पहिला रॉड होल्डर नेमका इथेच लावतात, आणि नेमका तोच बरगडीत घुसतो.

३. मागचा क्रेट

एवढं एकच केलंत तरी निम्मं काम झालं. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

मागच्या खळग्याचं माप घेऊन मगच क्रेट आणा. बाजारातले बरेच क्रेट ६० बाय ४० सेंटिमीटरचे असतात आणि लहान कयाकच्या खळग्यात ते बसत नाहीत. आडवा बसत नसेल तर उभा बसतो का बघा.

पाइपचे साधारण ३० सेंटिमीटरचे तीन तुकडे करा. दुकानात जाताना रॉड बरोबर न्या आणि मूठ पाइपमध्ये घालून बघा, कारण 'दीड इंची' नावाखाली दुकानागणिक वेगळी जाडी मिळते. मूठ सहज सरकली पाहिजे, पण खुळखुळायला नको. वरच्या टोकापासून खाली बोटभर रुंद आणि आठ-दहा सेंटिमीटर लांब खाच कापा. स्पिनिंग रीलची दांडी त्यात बसते आणि रॉड गोल फिरत नाही. तळापासून दोन बोटांवर एक बोल्ट आरपार घाला म्हणजे रॉड खाली निसटणार नाही. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर त्या रॉडच्या मुठीचा फोम कुरतडतात.

पाइप क्रेटच्या मागच्या भिंतीला आतून लावा. प्रत्येकाला वर आणि खाली असे दोन-दोन झिप टाय, एकमेकांना छेद देणारे. पाइप आणि क्रेटच्या मध्ये ट्यूबचा तुकडा ठेवलात तर टाय घट्ट आवळतो आणि पाइप फिरत नाही. टायची शेपटी कापताना तिरकी कापू नका. ते टोक ब्लेडसारखं होतं, आणि ओल्या हाताला ते फार खोल लागतं.

आता क्रेट कयाकला बांधायचा. कयाकवरची इलॅस्टिक क्रेटवरून आडवी घ्या, पण तेवढ्यावर भागवू नका. इलॅस्टिक ताणतं, कयाक उलटली की क्रेट फूटभर बाहेर लोंबतो आणि कयाक सरळ करू देत नाही. म्हणून एक न ताणणारा पट्टा क्रेटच्या तळाच्या जाळीतून ओवून दोन्ही बाजूंच्या कड्यांना आवळा. कड्या भरवशाच्या नसतील तर पट्टा दोन स्कपरमधून खाली घेऊन परत वर आणा. त्यासाठी पट्टा कयाकच्या तळाला सपाट बसला पाहिजे, पीळ राहिला तर वल्हवताना सतत थरथर जाणवते. आणि ज्या स्कपरमधून पट्टा गेला तो पाणी सोडतोय ना, तेही बघा. स्कूटरच्या कॅरिअरवरची हुकवाली इलॅस्टिक इथे वापरू नका. तिचे हुक गंजतात, आणि सुटले तर थेट तोंडावर येतात.

क्रेटला झाकण हवं. दुसऱ्या एका क्रेटचा तळ कापून, टायची बिजागरी करून छान झाकण होतं. गळ, लुअर (खोटं आमिष) आणि पक्कड आतल्या बंद डब्यात. सगळं मिळून वजन कयाकच्या सांगितलेल्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशाच्या आत ठेवा, आणि त्यात स्वतःचं वजन धरायला विसरू नका.

उभे रॉड कांदळवनाच्या फांद्यांत अडकतात. तिवरांच्या कडेने जाताना रॉड काढून पायाशी आडवे ठेवा.

४. पुढचा रॉड होल्डर

कयाकला कडेने ट्रॅक असतील तर काम पाच मिनिटांचं: टी-बोल्ट सरकवा, होल्डर बसवा, गुंडी आवळा. सीटची फ्रेम ॲल्युमिनियमच्या नळीची असेल तर नळीवर आवळायचा क्लॅम्प मिळतो. मध्ये ट्यूबचा तुकडा घाला, म्हणजे पकड येते आणि स्टेनलेस थेट ॲल्युमिनियमला लागत नाही. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते.

यातलं काहीच नसेल तर चॉपिंग बोर्ड काढा. बोर्ड कयाकसारख्याच जातीच्या प्लास्टिकचा, पाणी न पिणारा, आणि त्याला कितीही भोकं पाडली तरी कोणाचं काही जात नाही. १० ते १२ मिमी जाडीचा घ्या. पावलांच्या थोडा पुढे, दोन्ही कडांवर आडवा टेकेल असा कापा. रॉड होल्डरचा पाया त्यावर बोल्ट करा. बोल्टची डोकी खालच्या बाजूने बोर्डात बुडालेली हवीत, वर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे नट. बोर्डाच्या चार कोपऱ्यांना पट्टा जाईल अशा खाचा पाडा, खाली दोन्ही टोकांना ट्यूबच्या पट्ट्या लावा.

एक पट्टा बोर्डावरून कयाकच्या पोटाखालून पूर्ण फिरवा. कयाक पुढे निमुळती होत जाते, त्यामुळे हा पट्टा पुढे सरकून सैल पडायला बघतो. म्हणून दुसरी दोरी बोर्डापासून मागच्या कडीला, आणि तिसरी पुढच्या हँडलला. तिन्ही ताणल्यावर बोर्ड हाताने हलता कामा नये. वागळे इस्टेटमध्ये ओळखीचा लेथवाला असेल तर तो हेच काम नायलॉनच्या पट्टीत फार सुबक करून देतो, पण पहिल्यांदा बोर्डच बरा. जागा पटली नाही तर शे-दोनशे रुपयांतच निभावतं.

होल्डर पुढे आणि बाहेरच्या बाजूला तिरका ठेवा. जिताडा लागला तर रॉड सरळ वर उपसून काढता आला पाहिजे. चावी फिरवून कुलूप उघडायचा होल्डर त्या क्षणी काही कामाचा नाही.

५. नांगर

इथे घाई नको, कारण खाडीतली खरी जोखीम रॉडपेक्षा नांगरात आहे. ओहोटीच्या जोरात कयाकच्या मधल्या कडेला नांगराची दोरी बांधलीत तर पाणी कयाकला आडवी करतं आणि कड खाली ओढतं. दोरी नाकावरून किंवा शेपटावरूनच सुटली पाहिजे, आणि तुम्ही तर मध्ये बसलेले. यासाठी ट्रॉली.

पुढच्या हँडलला कॅराबिनरने एक पुली, मागच्या हँडलला दुसरी. दोन्हींतून दोरीचा एक लांब फेरा कयाकच्या एकाच कडेने घ्या, टोकांच्या मध्ये एक कडी बांधा. मागच्या पुलीला वीतभर इलॅस्टिक जोडली की फेरा ताठ राहतो. नांगराची दोरी या कडीतून ओवायची, नांगर टाकायचा, मग फेरा ओढून कडी नाकाकडे किंवा शेपटाकडे न्यायची. भोक एकही नाही.

नांगराच्या दोरीचं हातातलं टोक कडीला निरगाठ मारून कधीच बांधू नका. सुरगाठ हवी, एका हिसक्यात सुटणारी. त्या टोकाला एक बोया किंवा झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली बांधा: मोठी बोट अंगावर आली तर दोरी सोडून बाजूला व्हायचं आणि नंतर परत येऊन उचलायची. दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट.

दीड किलोचा घडीचा नांगर आपल्या चिखलात असा रुततो की कधी कधी वर येतच नाही. त्याला उपाय आहे. दोरी नांगराच्या वरच्या कडीला न बांधता खालच्या टोकाला बांधा, दांड्याला समांतर वर आणा आणि वरच्या कडीपाशी एका बारीक झिप टायने धरा. नांगर अडकला की जोर लावा. टाय तुटतो आणि नांगर उलट्या बाजूने निघून येतो. जादा टाय खिशात ठेवा.

उथळ पाण्यात तर नांगरही नको. एक बांबू चिखलात रोवा आणि ट्रॉलीच्या कडीतून त्याला दोरी घाला.

६. फिश फाइंडर

पहिल्या मोसमात घेऊ नका, असंच मी सांगेन. खाडीच्या कडेला भरतीची धार, पुलाचे खांब, छोट्या नाल्यांची तोंडं बघून मासा शोधायला शिकणं जास्त उपयोगाचं. घेतलाच असेल तर ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाजाची लहर सोडणारा त्याचा भाग, एका दांडीवर लावून वरच्याच बोर्डाला अडकवा. किंवा तो कयाकच्या आत, तळाच्या सपाट भागावर ओल्या स्पंजमध्ये दाबून ठेवा: एकेरी प्लास्टिकमधून आवाजाची लहर जाते, मध्ये हवा राहिली तर जात नाही. बॅटरी बंद डब्यात, क्रेटच्या तळाशी.

७. दोऱ्या, पण मोजक्या

वल्हं, रॉड, पक्कड, मोबाइल यांना प्रत्येकी एक दोरी हवी. रॉडची दोरी रॉडपासून क्रेटपर्यंत, हातभरच. लांब लोंबणाऱ्या दोऱ्या पाण्यात पायाला विळखा घालतात. सुरी जॅकेटवर ठेवायला सांगितली ती याचसाठी. क्रेटमधली सुरी उलटल्यावर तुमच्या हाताला येणार नाही.

८. मुद्दाम पालथी घाला

ओळखीच्या कोणाचं बदलापूर-मुरबाडकडे शेततळं असेल किंवा फार्महाउसचा पूल, तर तिथे जा. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या उतारावरून बाहेर येणं कठीण असतं, म्हणून काठावर दोरी बांधून एक माणूस उभा करा. महागडे रॉड नकोत, त्यांच्या जागी काठ्या लावा. डब्यांत वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भरा.

जॅकेट घालून छातीभर पाण्यात कयाक पालथी करा आणि तीन गोष्टी बघा. काय तरंगत निघून गेलं? काय लोंबतंय? आणि कयाक सरळ करून कमरेच्या बाजूने पोटावर चढताना कशाला अडलात? ज्याला अडलात ते काढा किंवा हलवा, मग पुन्हा करा. शेवटी ड्रेन प्लग, म्हणजे आतलं पाणी काढायचं बूच, उघडून आत किती पाणी गेलं तेही पाहा.

९. खाडीत उतरण्याआधी

पूर्ण भरतीची वेळ काढायची जुनी रीत पाठ करून टाका: तिथीची पाऊणपट. एकादशी असेल तर अकराचे पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती पूर्ण. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. हा अंदाज झाला, नक्की वेळ तक्त्यातून घ्या. तक्ता मुंबई बंदराचा असेल तर वर ठाण्याकडे भरती त्याहून उशिरा पोचते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि तितक्याच जोरात उतरतं. नवख्याने अष्टमी-नवमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, निवडावा: ओढ कमी, आणि सुकतीला चिखलही कमी उघडा पडतो. भरती संपायच्या तास-दीड तास आधी उतरा आणि ओहोटीने जोर धरण्याआधी काठावर या. उशीर झाला तर जेट्टी आणि तुमच्यामध्ये मांडीभर चिखल असतो. अशा वेळी कयाकमधून उतरून ढकलू नका. बसून राहा, फोन करा, पाण्याची वाट बघा.

ऐरोली पूल ते वाशी पूल यांच्या मधला, खाडीच्या पश्चिमेकडचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे गरी नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन हद्द नीट समजून घ्या. वाशी-बेलापूरकडून समोरच्या, मुंबईकडच्या ट्रॉम्बेच्या किनाऱ्याकडेही जायचं नाही, तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे.

दिवाळे, सारसोळे, चेंदणी, कुठल्याही कोळीवाड्यातून उतरणार असाल तर आधी बोला. "काका, इथून उतरलो तर चालेल का? डोल कुठे लावलीय?" एवढं विचारलंत की बहुतेक वेळा हात दाखवून ओढ कुठे, खडक कुठे, सगळं सांगतात. डोल म्हणजे ओढीत खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. त्या खुंटांना कयाक बांधू नका, जाळ्याच्या तोंडासमोर तर जाऊच नका. पाणी तुम्हाला आत ओढतं. खांबांवरची कालवं फुगवलेली कयाक सहज फाडतात. आणि पावसाळ्यात, जेव्हा कोळ्यांच्या होड्याही वर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेपर्यंत कयाक पार्किंगमध्येच बरी.

१०. परत आल्यावर

त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. नुसतं वरून पाणी मारून भागत नाही: पट्टे सोडा, बोर्ड उचला, ट्यूबच्या तुकड्यांखाली साचलेली बारीक रेती काढा. तीच रेती पट्ट्याखाली राहिली तर पॉलिश पेपरचं काम करते आणि कयाकवर चरे पाडते. बकलं दोन-तीनदा उघडझाप करत पाण्याखाली धरा. क्लॅम्पचे बोल्ट अर्धा फेरा सैल करून ठेवा, पुल्यांना सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा मारा. झिप टाय वाकवून बघा. ज्याच्यावर पांढरी रेघ उठली तो लगेच कापून नवा लावा. ड्रेन प्लग उघडाच ठेवा आणि कयाक सावलीत टेका. प्लग मात्र हँडलला दोरीने बांधून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी जेट्टीवर पोचल्यावर तो घरी राहिला असं होणार नाही.